दोन लेमनेड

दर रविवारी आईचा फोन येतो. पाऊस, गुडघे, शेजारच्यांच्या नातवाचं बारसं असं सगळं बोलून झालं की फोन ठेवता ठेवता ती विचारते, "त्या म्हाताऱ्याचं काय केलंस?" ऑक्टोबरात ती माझ्याकडे इंग्लंडात, ब्रिस्टलला आली होती. परत गेली त्यालाही आता चार महिने होऊन गेले. तिनं इथं बाथ शहर पाहिलं, स्टोनहेंज पाहिलं, लंडनमध्ये राजवाड्याच्या फाटकापुढे उभं राहून फोटो काढले. त्यातलं काही ती विचारत नाही. विचारते ते एका खेड्यातल्या पबमध्ये भेटलेल्या म्हाताऱ्याबद्दल, ज्याचं नावसुद्धा आम्हाला ठाऊक नाही. आणि मी दर वेळी म्हणते, "करते गं, जायला जमलं नाही." हे खरं असतं, पण पुरतं खरं नसतं.

झालं असं की तिला वेल्सचं कॅथीड्रल दाखवायचं होतं. हे वेल्स म्हणजे तो वेगळा देश नव्हे. इंग्लंडातल्याच सॉमरसेट परगण्यातलं हे एक चिमुकलं गाव, आपल्याकडच्या एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढं, पण कॅथीड्रलमुळे त्याला शहराचा मान. रेल्वे नाही, शेवटची प्रवासी गाडी 1963 साली बंद झाली. ब्रिस्टलहून 376 नंबरची बस मेंडिपच्या टेकड्या चढून-उतरून तिथं नेते. नेमकी मुलांच्या शाळांना सुट्टी असल्यामुळे गावातल्या सगळ्या खोल्या भरलेल्या, नाहीतर माझ्या खिशाबाहेरच्या. म्हणून चार-पाच मैलांवरच्या एका खेड्यातल्या पबच्या माडीवर दोन रात्रींसाठी खोली घेतली. आईनं विचारलं, "हॉटेल आहे ना?" मी म्हटलं, "जुनी सराई आहे." शब्द शोधून वापरला होता. 'पब' म्हणाले नाही.

आमच्या घरात दारू हा विषय नाही, जखम आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, सातारा जिल्ह्यातल्या गावांत तिची नोकरी झाली. त्यातल्या एका गावात देशी दारूचं दुकान बंद करायला मतदान झालं होतं. बायकांनीच मत द्यायचं. कागदावर एक उभी बाटली, एक आडवी. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान उठतं. आई त्या दिवसांत घरोघरी फिरत होती. नऊवारीतल्या म्हाताऱ्यांना खडूनं पाटीवर बाटली काढून दाखवत होती, 'उभी नव्हं, आडवी'. दुकान उठलं. काही महिन्यांनी ते शेजारच्या गावाच्या हद्दीत, हायवेच्या कडेला पुन्हा उभं राहिलं, हेही ती लपवत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी माझा बाळूमामा गेला होता. त्याच्याबद्दल आम्ही बोलत नाही.

अशा बाईला मी पबच्या माडीवर झोपवायला घेऊन चालले होते.

टॅक्सीतून उतरलो तेव्हा साडेचारलाच अंधारून आलं होतं. दगडी भिंती, खाली झुकलेलं कौलारू छप्पर, दारावर रंगवलेली पाटी वाऱ्यानं करकरत होती. दार ढकललं की आधी वास येतो. या वासाला मराठीत शब्द नाही, भाग भाग सांगावे लागतात: जळक्या लाकडाचा धूर, ओल्या कुत्र्याचं अंग, गालिच्यात वर्षानुवर्षं सांडून मुरलेली बिअर, आणि आतल्या स्वयंपाकघरातून येणारा कांदा परतल्याचा वास. आई उंबऱ्यावर थांबली. मला वाटलं, झालं. तिनं छताकडे पाहिलं. काळ्या पडलेल्या तुळया इतक्या खाली की उंच माणसानं वाकूनच चालावं. "आपल्या वाड्याची माळवदं अशीच होती," म्हणाली, आणि चुलीकडे निघावं तशी शेकोटीकडे गेली. काउंटरमागे मालकीणबाई हातपंपाची लाकडी मूठ ओढून ग्लास भरत होत्या. तळघरातल्या पिंपातून बिअर वर यायला दोन-तीन दमदार ओढी लागतात. आई टक लावून बघत राहिली. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अगं, हा तर हापसा!"

खोलीत जमीन एका बाजूला इतकी उतरती होती की तिची औषधाची गोळी घरंगळत खिडकीखाली गेली. बेसिनला गरम पाण्याचा नळ वेगळा, गारचा वेगळा. एकात हात भाजतो, दुसऱ्यात गारठतो. ट्रेमध्ये किटली, दोन कप, चहाच्या पिशव्या, बिस्किटांच्या पुड्या. आईनं बिस्किटं पर्समध्ये टाकली, "प्रवासात होतील." रात्री नऊच्या सुमाराला खालून धडाड धूम, मग खडखडाट, मग माणसांचा ओरडा. ती अंथरुणात उठून बसली. मागच्या लांबट पडवीत स्किटल्सचा खेळ चालू होता. सॉमरसेटमधल्या पबांचं ते वेड आहे: नऊ लाकडी खुंट्या उभ्या करायच्या, लाकडी गोळा घरंगळत सोडून पाडायच्या, मग पोरानं धावत जाऊन परत उभ्या करायच्या. "कांडप चाललंय जणू," आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली. अकराच्या आसपास घंटा वाजली, शेवटची मागणी नोंदवा म्हणून. झोपेतच म्हणाली, "शाळा सुटली."

दुसऱ्या दिवशी कॅथीड्रल. त्याच्याबद्दल लिहायला बसले तर लेख तिथंच राहील, म्हणून आईच्या नजरेनं पाहिलेलं तेवढंच सांगते. आत शिरल्यावर समोर त्या प्रसिद्ध कमानी दिसतात, एकीवर दुसरी उलटी ठेवल्यासारख्या, कात्रीसारख्या. लोक 'आहा' म्हणून थबकतात. आई म्हणाली, "टेकू दिलाय." आणि खरंच तसं आहे. 1313 पासून मनोरा उंच वाढवला, पायाला तो भार पेलवेना, भिंतींना तडे गेले, तेव्हा 1338 ते 1348 या दहा वर्षांत हे दगडी टेकू बसवले. सातशे वर्षं जगाला जी शोभा वाटते ती दुरुस्ती आहे, हे पडक्या वाड्यात वाढलेल्या बाईला एका नजरेत कळलं. मग घड्याळ. 1390 च्या आसपासचं. 2010 पर्यंत त्याला हातानं चावी देत होते. दर पाव तासाला वरच्या सज्ज्यात लुटुपुटूचे घोडेस्वार गोल फिरतात आणि त्यातला एक दर फेरीला घोड्यावर आडवा होतो. दर वेळी तोच. सहाशे वर्षं. आईनं दोन वेळा थांबून पाहिलं, म्हणजे अर्धा तास, आणि तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा पुटपुटली, "आडवी बाटली." मग आम्ही दोघी तोंडाला पदर आणि मफलर लावून इतक्या हसलो की एका स्वयंसेवक आजींनी मागे वळून पाहिलं.

त्याच आजींनी नंतर बिशप बेकिंग्टनची कबर दाखवली. दोन मजली. वर पूर्ण पोशाखातला बिशप, खाली त्याचंच कुजत चाललेलं प्रेत, दगडात. ती त्यानं जिवंतपणीच करून घेतली होती. याच माणसानं 1451 मध्ये आपल्या वाड्यातल्या झऱ्यांचं पाणी गावाला दिलं. आजही बाजारपेठेच्या रस्त्याच्या कडेनं ते पाटातून खळखळत जातं. बदल्यात गावानं काय करायचं? वर्षातून एकदा या कबरीपाशी येऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मी भाषांतर करून सांगितलं. आई मान डोलावत म्हणाली, "बरोबर आहे. फुकट घ्यायचंच नाही." कॅथीड्रलच्या पाठीमागे व्हिकर्स क्लोज नावाची गल्ली आहे, दोन्ही बाजूंना एकसारखी दगडी घरं, उंच धुराडी. चौदाव्या शतकातल्या बिशपनं गायकमंडळींना एकत्र राहायला ती बांधून दिली. गावात विखरून राहिले तर नको त्या नादाला लागतील, ही काळजी. पुढे 1460 च्या सुमाराला तर गल्लीतून थेट कॅथीड्रलमध्ये जायला रस्त्यावरून पूलच बांधला, म्हणजे खाली उतरायलाच नको. आई त्या पुलाखाली बराच वेळ उभी होती. "पूल बांधून थांबले असतील होय?" एवढंच म्हणाली.

ती संध्याकाळ.

जेवण झालं. आईनं उकडलेले बटाटे, वाटाणे आणि जॅकेट पोटॅटो असा बटाट्याबरोबर बटाटा खाल्ला होता आणि तक्रार केली नव्हती. शेकोटीजवळच्या बाकावर आम्ही बसलो होतो. काउंटरच्या कोपऱ्याला एक म्हातारा, ऐंशीच्या आत-बाहेरचा, कोपरांवर कातडं लावलेला कोट, पायाशी करडं कुत्रं. कुत्रं उठून आईच्या पायाशी येऊन पसरलं आणि त्याच्या मागोमाग म्हातारा. कुठल्या तुम्ही? इंडिया. इंडियात कुठे? बॉम्बेजवळ, मी म्हटलं. साताऱ्याला परदेशात बॉम्बेजवळ यावंच लागतं. त्याचा चेहरा बदलला. त्याचे वडील सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीत होते. बॉम्बेहून सगळ्यात शेवटी निघालेली गोऱ्यांची पलटण ती हीच, त्यानं सांगितलं. 28 फेब्रुवारी 1948, गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून. वडील फारसं बोलत नसत, फक्त उकाडा आणि त्या दिवशीचा बँड एवढंच सांगत. मी भाषांतर करत होते. आईनं मध्येच माझा हात दाबला आणि थेट त्याच्याकडे बघून, शाळेत पाठ म्हणून घ्यावा तशा इंग्रजीत म्हणाली, "माय फादर. मराठा लाइट इन्फन्ट्री." म्हातारा उठला. मला वाटलं सलाम करतो की काय. पण तो विचारत होता, काय घेणार?

आईनं लेमनेड म्हटलं. मी... मला खरं तर सायडर हवी होती. सॉमरसेटमध्ये येऊन सफरचंदाची ती आंबट, गढूळ सायडर न घेणं म्हणजे कोकणात जाऊन सोलकढी नाकारणं. अकरा वर्षं मी इथं ऑफिसातल्या लोकांबरोबर दर शुक्रवारी अर्धा ग्लास घेते. आईसमोर कधी घेतलेली नाही. मीही लेमनेड म्हटलं. आई म्हणाली, "तू घेतेस ते घे की." तिला माहीत होतं. केव्हापासून, देव जाणे. तरी मी लेमनेडवरच राहिले. म्हातारा तीन ग्लास एका विळख्यात धरून आला, सवयीचे हात. आईनं घोट घेतला आणि म्हणाली, "गोटी सोडा!" आणि मग तासभर ती दोघं बोलली. काय बोलली ते नीट सांगता येणार नाही, कारण निम्म्या वेळा मला विचारतच नव्हती. मागे स्किटल्सचे गोळे धडधडत होते. त्याचा ग्लास रिकामा झाला. आईचं लक्ष होतं.

"आता आपण द्यायचं ना?" तिनं विचारलं.

"नाही गं. इथं असं काही नसतं. प्रेमानं दिलं त्यानं."

हे मी बोलले. हेच ते बोचतं. कारण इथं अगदी असंच असतं. पबमधली ती पहिली मुळाक्षरं आहेत: एकानं सगळ्यांना पाजलं की पुढच्या फेरीला दुसऱ्यानं उठायचं, मग तिसऱ्यानं. कुणी लिहून ठेवत नाही, कुणी आठवण करून देत नाही आणि कुणी विसरत नाही. फेरी चुकवणाऱ्या माणसाबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलतात. मला हे ऑफिसातल्या पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं. मग मी खोटं का बोलले? स्किटल्सवाले मध्यंतराला काउंटरशी दाटीनं उभे होते, त्यांच्यातून वाट काढावी लागली असती. पबच्या काउंटरला रांग नसते; कोण आधी आलं ते मालकीणबाईंच्या डोक्यात असतं, आणि तिथं नजर पकडायची कला मला अजून जमत नाही. ही कारणं खरी आहेत. पण त्यांच्याखाली आणखी एक आहे. त्या तासाभरात मी आईकडे त्या खोलीतल्या इतरांच्या डोळ्यांनी बघत होते: साडीवर स्वेटर, पायात मोजे आणि चप्पल, मोठ्यानं बोलणं. आपण लवकर वर जावं असं मला वाटत होतं. म्हाताऱ्यानं ग्लासाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, काही म्हटलं नाही. कुत्र्याला शीळ घातली. गुड नाइट म्हणाला आणि वाकून दारातून बाहेर गेला.

रात्री अंधारात आई म्हणाली, "बाळू एकटाच प्यायचा. बांधावर, पाठ करून." बराच वेळ काही नाही. मग, "इथं बायका बसतात, कुत्री बसतात, मालकीण घंटा वाजवून घरी पाठवते." मला वाटलं ती पुढे काही म्हणेल, बंदी, परवाने, आपलं चुकलं की बरोबर होतं. तसं काही तिनं म्हटलं नाही. आडव्या बाटलीचा तिला आजही अभिमान आहे, तो मी पाहिलाय. आपल्याकडे पिण्याच्या जागेला जे शब्द आहेत तेही ऐका ना: गुत्ता, अड्डा, परमिट रूम. शेवटचा तर सरळ दारूबंदीच्या कायद्यातून आलेला; खोलीला नाव मिळालं ते सरकारी परवानगीचं. इथला शब्द, पब म्हणजे पब्लिक हाउस, म्हणतो, सर्वांचं घर. तो तेवढा खरा असतोच असं नाही. या बाकांवरही एकटे पिऊन संपलेले असतील. पण त्या रात्री माझं मन बाळूमामापाशी नव्हतं, दारातून वाकून गेलेल्या पाठीपाशी होतं.

आमच्या घरी शेजारणीचा डबा रिकामा परत जात नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर, मूठभर शेंगदाणे, अगदी दोन मिरच्या. लहानपणी मला ते ओझं वाटायचं. आपण एक द्यायचं, मग त्यांनी, मग परत आपण, हे संपणार कधी? संपू नये म्हणूनच ते असतं, हे आईनं कधी समजावून सांगितलं नाही. तिला वाटायचं, ते सगळ्यांना माहीतच असतं. तिनं पबमध्ये पाऊल ठेवल्यावर दुसऱ्या रात्री जे ओळखलं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ओळखीचं होतं इतकंच. आणि दोन्हीकडचं जिला येतं अशी मी एकटीच तिथं होते. नंतर कधीतरी वाचलं की त्या शेवटच्या पलटणीला निरोप देताना आपल्याकडून गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट दिली गेली. दीडशे-दोनशे वर्षांचा हिशेब असा उभा आणि हातात चांदीचा गेटवे. मी ते चिडून आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग? रिकाम्या हातानं पाठवायचं होय?"

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शेवटी गेले. 376 ची काच धुक्यानं पांढरी, टेकड्यांवर शेळ्यामेंढ्यांची नुसती ठिगळं. वेल्सहून टॅक्सी. दुपारी दोनचा पब म्हणजे वेगळीच जागा असते. शेकोटी पेटलेली पण माणूस नाही, काल रात्रीचा वास तेवढा बसलेला. काउंटरच्या एका फळीवर दूध आणि पाव विकायला ठेवलं होतं. गावातलं दुकान बंद पडल्यापासून असं करतात, मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. म्हणजे, "लेमनेड" असं म्हणाल्या. म्हातारा? खुब्याचं ऑपरेशन झालंय, आता फक्त गुरुवारी येतो, मुलगी गाडीतून सोडते. मी म्हटलं, त्याच्यासाठी एका पाइंटचे, म्हणजे मोठ्या ग्लासभर बिअरचे, पैसे आधीच देऊन ठेवायचे आहेत. त्यांनी का विचारलं नाही. गल्ल्यामागून एक दुमडलेली वही काढली. त्यात असे बरेच पाइंट वाट बघत होते. कुणाकडून लिहू? मी क्षणभर थांबले आणि म्हटलं, आई. त्यांनी स्पेलिंग विचारलं, दोनदा. मग मी अर्धा ग्लास सायडर घेतली, शेकोटीजवळ त्याच बाकावर बसून. चांगली होती, जरा जास्तच आंबट.

परवा रविवारी फोनवर प्रश्न येण्याआधी मीच सांगून टाकलं. वहीत नाव लिहिलंय तुझं, गुरुवारी मिळेल त्याला. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू.

"किती दिलेस?"

"एक पाइंट."

"एकच? त्यानं दोन दिले होते."

"अगं, लेमनेडचे होते ते. एका पाइंटला त्याहून जास्त पडतात."

"पैशाचं कोण बोलतंय," आई म्हणाली. "दोन ग्लास होते."